अंड्यांवरून नव्हे, कोहळ्यावरून

मोबाइलच्या दुकानदाराने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही, त्याच्या मुहूर्ताच्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या दारात आडवा झालो नाही, आणि त्या सकाळी रस्ता निसरडा झाला तो माझ्या अंड्यांमुळे झालेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या गल्लीत आजही उलटंच सांगितलं जातं.

मी अंड्यांचा व्यापारी. नाशिकमध्ये माझा छोटा होलसेलचा गाळा आहे, मालाचा टेम्पो आहे, टेम्पोवर ड्रायव्हर आहे. तरी जुन्या गिऱ्हाइकांचा माल मी स्वतः मोटारसायकलवरून पोचवतो. बेकरीवाले, खाणावळी, सकाळी कॉलेजच्या मुलांना ऑम्लेट-पाव देणारे, संध्याकाळी भुर्जीच्या गाड्या लावणारे. लोक म्हणतात, आता एवढं झालं, बस गल्ल्यावर. पण माझा धंदा उभा राहिला तो गाडीवर, आणि गाडीवरून अंडी नेणं हे काम मला जसं येतं तसं या शहरात फार थोड्यांना येतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ज्याला पटत नसेल त्याने मागच्या सीटवर अंड्यांची चळत बांधून एकदा गाडी चालवून बघावी.

मी मूळचा नामपूरकडचा. नाशिकला आलो तो कंपनीत हेल्पर म्हणून, कंत्राटावर. कंत्राट संपलं तेव्हा घरी परत जायची लाज वाटत होती. खोलीच्या खाली एक भुर्जीची गाडी लागायची. गाडीवाला रोज कुरकुर करायचा की अंडी वेळेवर येत नाहीत, आली तर खालच्या ट्रेमधली पिचकलेली असतात. मी म्हटलं, मी आणतो. सायकल मागून घेतली आणि आणायला लागलो. पिचकलेलं अंडं एकही निघालं नाही. त्यानं दुसऱ्या गाडीवाल्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. माझी जाहिरात एवढीच.

माल कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवलं नाही. घोटीच्या बाजूला पोल्ट्र्या आहेत, तिथे मी सुरुवातीपासून जातो. बाकीचे व्यापारी गेले की आधी भाव विचारतात. मी आधी सगळ्यात खालचा ट्रे काढायला लावतो. पोल्ट्रीवाला वैतागतो, म्हणतो वरचा बघा, सारखाच माल आहे. मी म्हणतो, सारखाच आहे तर खालचाच दाखव. तो ट्रे हातात आला की मग भावाचं बोलणं. माझा आवाज मुळात मोठा, घासाघीस करताना आणखी चढतो, आणि समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की मला आवरत नाही. दोनदा-तीनदा मी सौदा मोडून उठून आलोय आणि पोल्ट्रीवाला मोटारसायकलच्या मागे पळत आलाय. आमच्या धंद्यात माझं नाव चिवट म्हणून आहे. ते मला आवडतं.

आणि चालवण्यात माझं नाव होतं. अंडी घेऊन जाणाऱ्याने ब्रेक मारायचा नसतो. गियर खाली आणत आणत गाडी थांबवायची असते. स्पीडब्रेकरवर सरळ जायचं नाही, चाक तिरकं घालायचं, म्हणजे धक्का एकदम बसत नाही. पावसाळा संपला की नाशिकमधला कुठला खड्डा बुजवला आणि कुठला नुसता खडी टाकून झाकला, हे मला महापालिकेच्या आधी कळतं. ट्रे मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधतो, दोरीने नाही, कारण दोरी ताणली जात नाही आणि मग धक्का सगळा अंड्यांना बसतो. हेल्मेट घालतो. शहरात हेल्मेटची सक्ती कधी जोरात असते कधी नसते, माझ्या डोक्यावरचं उतरत नाही. एक बेकरीवाला म्हणायचा, "भाऊ, तुमच्यापेक्षा तुमच्या अंड्यांना घाला, त्यांना जास्त गरज आहे." मी म्हणायचो, माझी अंडी मी सांभाळतो, तू तुझा ओव्हन सांभाळ. इतकी वर्षं या शहरात चालवली, रिक्षावाले आडवे आले, कुत्री आली, भर बाजारात गायी आल्या, पण माझी गाडी आडवी झाली नव्हती.

त्या दिवशी झाली.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. थंडीत अंड्यांना मागणी वाढते, म्हणून ट्रे नेहमीपेक्षा जास्त होते. सकाळची वेळ. सिडकोतल्या एका कॉलनीतून माझा रोजचा रस्ता जातो. कॉलनीच्या तोंडाशी सिमेंटचा उतार आणि उताराच्या शेवटी डावीकडे वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नवीन गाळे झालेत. त्यातल्या एका गाळ्यात मोबाइलच्या दुकानाचा मुहूर्त होता. झेंडूच्या माळा, दारात मंडप, मंडपाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. बायका, म्हातारी माणसं, नवीन कपडे घातलेली लहान मुलं. मी लांबूनच पाहिलं आणि गाडी दुसऱ्या गियरवर आणली.

मुहूर्ताला दुकानावरून कोहळा ओवाळून फोडतात हे सगळ्यांना माहीत आहे. कोहळ्याला वरून भोक पाडायचं, आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, दुकानाच्या दारावरून उतरवायचा आणि रस्त्यावर आपटायचा. दुकानाची दृष्ट जाते. माझ्या गाळ्याच्या वेळी मीही फोडला होता. मी फोडला तो गाळ्याच्या बाजूला, उकिरड्याच्या कडेला, आणि तुकडे लगेच उचलून घेतले. या दुकानदारानं फोडला तो वळणाच्या बरोबर मधे. मी यायच्या थोडाच वेळ आधी. आणि तुकडे तसेच टाकून सगळे पेढे खायला बसले.

उतारावर उन्हं थेट डोळ्यांवर होती. मला रस्त्यावर लाल-पांढरं काहीतरी दिसलं. माळेतली फुलं पडली असतील असं वाटलं. गाडी वळणात डावीकडे कलली आणि पुढचं चाक त्याच्यावर गेलं.

ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना कळेल. हँडल एकदम हलकं झालं. इतकं हलकं की जणू खाली गाडीच नाही. कोहळ्याच्या आतला गर साबणासारखा असतो, त्यात पाणी, त्यात बिया, खाली गुळगुळीत सिमेंट. चाकाला धरायला काहीच नव्हतं. पुढचं चाक बाहेरच्या बाजूला निसटलं, मागचं त्याच्या मागे गेलं, आणि गाडी डाव्या कुशीवर पडून घसरत निघाली. सरळ मंडपाकडे.

आता जे सांगतो ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पडताना माणूस हँडल सोडतो. हात आपोआप सुटतो, अंग वाचवायला. मी सोडलं नाही. समोर खुर्च्या दिसत होत्या. गाडी मोकळी सुटली असती तर इतक्या वजनानिशी त्या खुर्च्यांत गेली असती. मी हँडल धरून राहिलो आणि अंगाचा सगळा भार लेगगार्डवर टाकला. लेगगार्ड सिमेंटवर घासत गेला, ठिणग्या उडाल्या, गाडी अर्धी गोल फिरली आणि पहिल्या खुर्चीच्या अलीकडे थांबली. त्या खुर्चीवर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातातला पेढासुद्धा पडला नाही.

माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की डावा हात माझं ऐकत नाही.

अंडी अर्थातच गेली. ट्यूबच्या पट्ट्या तुटल्या नाहीत, चळत जागेवर होती, पण ट्रे आडवे होऊन मधली अंडी चेपली आणि गळायला लागली. कोहळ्याचं पाणी, कुंकू आणि अंड्यांचा बलक, सगळं एकत्र झालं. मी त्यात पडलेला. शर्ट लाल. बायका ओरडल्या, "रक्त, रक्त." मी म्हटलं, "कुंकू आहे." माझं पहिलं वाक्य ते होतं, आणि ते ऐकणारी माणसं तिथे होती. हे लक्षात ठेवा.

मला उचलून कट्ट्यावर बसवत होते, तेवढ्यात मागून एक बाई स्कूटरवर आल्या. त्याच गल्लीत राहतात, शाळेत शिक्षिका आहेत, शाळेला निघाल्या होत्या. लोकांनी हात केले, पण उतारावर त्यांना कळेपर्यंत उशीर झाला. त्याही त्याच जागी घसरल्या. गुडघा फुटला, हातातली पिशवी फाटून वह्या रस्त्यावर. बाई रडल्या नाहीत. वह्यांना अंड्याचा बलक लागलेला पाहून मात्र त्यांचा चेहरा बदलला.

इथून फसवणूक सुरू होते.

दुकानदार तिशीतला मुलगा. कपाळावर टिळा, नवीन कुर्ता. पाणी घेऊन माझ्याजवळ आला, बसला, माझ्या हाताला काय झालं ते विचारलं. चांगलं विचारलं, मी खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, कोहळा असा मधोमध फोडतात का रे? तुकडे उचलायचे नाहीत? माझा आवाज चढायला लागला होता. त्यानं दोन्ही हात जोडले आणि माझ्या कानाशी आला.

"काका, पाया पडतो. आज पहिला दिवस आहे. पाहुण्यांसमोर कोहळ्याचं बोलू नका, अपशकुन होईल. संध्याकाळी आरती आहे, गल्लीतले सगळे येणार आहेत, तेव्हा मी स्वतः सगळ्यांना सांगतो की चूक माझी आहे. त्या बाईंच्या घरीही जातो. दुकानाची शपथ."

आणि दुकानाच्या उंबऱ्यावर हात ठेवला.

मी आयुष्यात कुणाच्या शपथेवर माल घेतलेला नाही. पण हा माल नव्हता, मुहूर्त होता. आमच्यात मुहूर्ताच्या दिवशी तोंडातून वाईट शब्द काढत नाहीत. दुकानात काही संपलं असलं तरी त्या दिवशी संपलं म्हणत नाहीत, वाढवायचं आहे म्हणतात. माझ्या गाळ्याचा मुहूर्त मला आठवला. त्या दिवशी माझ्याकडे पाहुणे म्हणून माझी बायको आणि तो पहिला भुर्जीवाला, दोघंच होते. दिवसभर एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी आम्ही तिघं हसत बसलो होतो, कारण पहिल्या दिवशी तोंड पाडून बसायचं नसतं. तो दिवस काय असतो मला माहीत आहे. म्हणून मी गप्प बसलो. हात असा लोंबत असताना, अंगभर बलक असताना, मी त्याचा पेढा घेतला आणि खाल्ला. आणि बाजूच्या दोघा-तिघांनी विचारलं, "काय झालं हो?" तेव्हा मी म्हटलं, "काही नाही, घसरलो."

तो एक शब्द त्यानं उचलला.

मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून घरी गेलो तेव्हा हात गळ्यात अडकवलेला. दारातच बायको, तीही आमच्याच बागलाणातली. "काय व्हयनं? तुम्हले लागनं का?" मी सांगितलं. तिनं शर्ट हातात घेतला, वास घेतला, म्हणाली, हे तर कुंकू शे. शर्ट भिजत घातला तर बादलीभर पाणी लाल. मग ती चिडली, माझ्यावर नाही, दुकानदारावर. मी तिला शांत केलं. मी, ज्याला लोक तापट म्हणतात, त्यानं तिला समजावलं की मुलगा चांगला आहे, संध्याकाळी सांगणार आहे, शपथ घेतली आहे.

संध्याकाळी त्यानं सांगितलं. काय सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याकडून कळलं, कारण त्याचा भाचा आरतीला गेला होता.

दुकानदारानं सांगितलं की अंडेवाला काका उतारावरून जोरात आला, वळणावर त्याची अंडी सुटली, स्वतःच्याच अंड्यांवरून घसरला, आणि त्यावरून बिचाऱ्या बाई पडल्या. स्वतः काकांनी कबूल केलं, सगळ्यांसमोर म्हणाले, घसरलो. आणि मुहूर्ताच्या दिवशी दारात अंडी फुटली तरी मी काही बोललो नाही, उलट माणुसकी म्हणून पाइप लावून सगळा रस्ता धुतला.

रस्ता धुतला हे खरं. कोहळ्याची फोडसुद्धा ठेवली नाही. आणि गल्लीनं त्याचं कौतुक केलं.

मी आता विचार करतो की यात कुणी अडाणी नव्हतं. अंडी आधी सुटली असती तर ती गाडीच्या मागे पडली असती. माझी गाडी पुढे, अंडी मागे. पुढच्या चाकाखाली माझी स्वतःची अंडी कशी येतील? एवढा साधा प्रश्न गल्लीत एकाला पडला नाही. मोबाइलच्या दुकानाचा मुहूर्त, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि कोहळा फोडतानाचा व्हिडिओ एकाकडेही नाही. दुकानाच्या दारावर कॅमेरा आहे. विचारलं तर म्हणाला, तो दुसऱ्या दिवशी चालू केला. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "विधी मी सांगितला. कुठे फोडायचा ते मी सांगत नसतो. रस्ता महापालिकेचा." कोहळा फोडला का, तर फोडतातच. त्यानं फोडला का, तर ते तुम्ही त्याला विचारा. असे हुशार गुरुजी.

माल पोचवायला तेव्हा टेम्पो जात होता. मी गाळ्यावर बसून होतो आणि गिऱ्हाइकं फोनवर थट्टा करत होती. भुर्जीवाला म्हणाला, "भाऊ, फोडायचीच होती तर फेटून पण आणायची ना, माझं काम वाचलं असतं." खाणावळीवाली मावशी म्हणाली, आता तुमच्या वयाला टेम्पोच बरा. थट्टेत राग नव्हता. पण प्रत्येक थट्टेत एक गोष्ट धरून चाललेली होती, की मी माझ्याच अंड्यांवरून पडलो. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. तुटलं असतं तर मी भांडून परत आणलं असतं. पण जे तुटलं ते भांडून परत येत नव्हतं.

बाईंना भेटायला मी मुद्दाम गेलो. गुडघ्याला पट्टी होती, दार त्यांनीच उघडलं. मी सांगायला तोंड उघडणार त्याच्या आधी त्या म्हणाल्या. रागावून नाही, शाळेत पोरांना सांगतात तसं म्हणाल्या.

"भाऊ, अंडी नीट बांधत जा. आज मी होते, उद्या एखादं लेकरू असेल."

अंडी बांधायला मला सांगितलं. मला.

मी म्हटलं, बाई, अंडी नव्हती, कोहळा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे त्यांच्या शेजारीण उभ्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या की अहो, त्या मुलानं तर रस्ता धुतला, तुम्हाला पाणी दिलं, आता त्याच्यावर दोष कशाला घालता? बाई दार लावताना "काळजी घ्या" म्हणाल्या. मला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही, आणि मी कितीही मोठ्यानं बोललो तरी बसणार नाही. उलट मोठ्यानं बोललो तर आणखी बसणार नाही. तो शब्द दुसऱ्याच तोंडातून यायला हवा होता.

मग मी गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षांना मधे घातलं. निवृत्त क्लार्क आहेत, गल्लीतली भांडणं तेच मिटवतात. त्यांच्या गॅलरीत बसलो. मी, ते, दुकानदार, आणि चहा. माझ्या गाडीच्या इंजिनच्या फटींत कोहळ्याच्या बिया भाजून चिकटल्या होत्या, त्या मी कागदात घेऊन गेलो होतो. पुढे ठेवल्या. दुकानदार म्हणाला, बिया भोपळ्याच्याही असू शकतात, वळणावर रोज भाजीवाला उभा असतो. मी म्हटलं, आणि माझ्या शर्टावरचं कुंकू? भाजीवाला कुंकू लावून भोपळे विकतो का? अध्यक्ष हसले. दुकानदारही हसला. तेवढ्या हसण्यात मला वाटलं, आता बोलेल.

त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. म्हणाला, "काका, तुमचं नुकसान झालंय, दवाखाना झालाय. ठेवा. विषय संपवू."

मी पाकीट परत सरकवलं.

त्यानं त्यात आणखी काही घातलं आणि पुन्हा सरकवलं. मी पुन्हा परत. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो अंडेवाले, बोला ना कितीवर येताय. तुमचं घासाघिशीचं आम्हाला माहीत आहे." आणि मग दोघं हसले. दुकानदार म्हणाला, काका एकदम उठत नाहीत, सौदा चढवतात.

माझं आयुष्य घासाघीस करण्यात गेलं, हे खरं आहे. खालच्या ट्रेवरून मी तास तास भांडलोय. म्हणून मी पैसे नाकारतोय हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. त्यांना वाटत होतं की नाकारणं हाच माझा भाव आहे. मी म्हटलं, "मला एक वाक्य पाहिजे. कोहळा मी फोडला आणि उचलला नाही, एवढं. गल्लीत. आणि बाईंच्या दारात."

दुकानदार म्हणाला, "इथे म्हणतो. अध्यक्षांसमोर. चालेल?"

"नाही. रस्त्यावर फोडलास, रस्त्यावर सांग."

"बाईंना फोन करतो मग."

"फोनवर नाही. त्यांच्या दारात जाऊन."

"काका, दुकान नवीन आहे. लोक म्हणतील, मुहूर्तालाच दोन माणसं पाडली. कोण येईल माझ्याकडे?"

हे ऐकून मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज खाली रस्त्यावर गेला असणार, कारण समोरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. मी एका हातानं बिया गोळा करायला लागलो, अर्ध्या टीपॉयवरच राहिल्या. अध्यक्ष म्हणत होते, "घ्या हो, उगाच ताणू नका, शेवटी तुम्हालाच त्या रस्त्यानं जायचंय." चहा तसाच सोडून मी उतरलो. दुकानदाराला मनातून माहीत आहे की त्यानं तिथे, त्या गॅलरीत, कबूल केलं. जे "इथे म्हणतो" म्हणतात, त्यांना म्हणायचं काय आहे ते ठाऊक असतं.

हाड जुळलं तसं बायको म्हणाली, आता गाडी बंद, टेम्पोच बरा. मी ऐकून घेतलं. लेगगार्ड सरळ करून घेतला, दोन्ही टायर नवीन घातले, ट्यूबच्या पट्ट्या बदलल्या आणि पहिल्याच सकाळी पडलो त्या दिवशी होते त्यापेक्षा जास्त ट्रे बांधले. ड्रायव्हर म्हणाला, मालक, आज तरी कमी घ्या. मी म्हटलं, आज तर कमी घेणारच नाही.

त्याच रस्त्यानं गेलो. उतारावर ऊन तसंच डोळ्यांवर. दुसरा गियर, ब्रेकला हात नाही. खांदा दुखत होता, वळणात गाडी कलवली की हाडात कळ येत होती, पण गाडी दोरी लावल्यासारखी वळली. दुकान उघडत होतं. तो पायरीवर शटरची कुलपं काढत होता. त्यानं वर पाहिलं. शेजारची माणसं, मंडळातली दोन पोरं, सगळे पाहत होते. मी न थांबता गेलो. बेकरीत ट्रे उतरवले, बेकरीवाल्यानं एकेक पाहिलं, आणि मग काहीच थट्टा केली नाही. त्या दिवसानंतर त्यानं ती थट्टा कधीच केली नाही. भुर्जीवाल्यानंही नाही. मला चालवता येतं हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना आता पुन्हा माहीत आहे. ते मी कुणाकडून मागून घेतलं नाही, चालवून घेतलं.

पण बाई अजून मी दिसलो की आधी माझ्या मागच्या ट्रेकडे बघतात. नीट बांधलेत ना, म्हणून.

त्यांना खरं काय ते मी सांगून पटणार नाही. मोबाइलचं दुकान आता जोरात चाललंय, रात्री दिव्यांची पाटी लागते, गर्दी असते. म्हणजे पहिल्या दिवसाच्या अपशकुनाचं कारणही आता राहिलेलं नाही. मग आता कशाची भीती आहे? मी हँडल धरून राहिलो म्हणून ज्यांच्या अंगावर गाडी गेली नाही, ते त्याचेच पाहुणे होते, त्याच्याच घरातली माणसं असतील. त्या आजीबाईंना तरी त्यानं कधी सांगितलं का, की काका गाडीला का धरून राहिला?

पाकीट नको. फोन नको. गॅलरी नको. दुकानदारा, मी तुला विचारतोय आणि उत्तर तुलाच द्यायचंय. त्या गल्लीत मी "कुंकू आहे" म्हणालो तेव्हा जे जे उभे होते, त्यांनाही विचारतोय. बाईंचं दार तुझ्या पायरीवरून दिसतं. एक दिवस शटर उघडायच्या आधी तिथपर्यंत चालत जा, बेल वाजव, आणि त्यांना सांग की तो कोहळा कोणी फोडला, आणि तसाच रस्त्यात कोणी टाकला.